धुक्यातला हॉर्न

नेवेनाला बोबोतोव कुकवर उभे राहायचे होते. दुर्मितोरच्या अभयारण्यातले ते सर्वांत उंच शिखर. सप्टेंबरात ती शिकायला आईकडे, जर्मनीत जाणार होती, आणि तिथल्या मुलींना सांगण्यासारखे आपल्याकडे काहीतरी हवे, असे तिचे म्हणणे होते. मला फक्त ती जाण्याआधी तिच्याबरोबर थोडे दिवस हवे होते. म्हणून ऑगस्ट सरता सरता मी माझ्या जुन्या मोटारसायकलला तंबू बांधला, तेरा वर्षांच्या लेकीला मागे बसवले आणि कोलाशिन सोडले.

पहिला मुक्काम बिओग्राद तळ्याकाठच्या रानात झाला. सकाळी गाडी सुरू होईना. मी किक मारून मारून घामाघूम झालो आणि नेवेना ओंडक्यावर बसून पाव खात बघत राहिली.

"बाबा, तू आणि ही गाडी एकाच वर्षी जन्मलात का? खोकताय तरी अगदी सारखे."

"उतर मग. चालत जा."

"चालत लवकर पोचेन, तेही खरंच."

दुर्मितोरला डांबरी रस्त्याने जावे असे मी सुचवून पाहिले. "त्या रस्त्याने शाळेची सहलही जाते," ती म्हणाली. मलाही ते पटले. मोयकोवाचपाशी आम्ही वळलो आणि गुरांच्या वाटेने सिन्यायेविनाच्या पठारावर चढलो.

वर झाड म्हणून नाही. नजर जाईल तिथवर गवत, गवतातून डोके काढणारे पांढरे चुनखडक, आणि मध्येच वाडग्यासारखे खोल खळगे, ज्यांत पावसाचे पाणी उतरते आणि कुठे जाते ते कुणाला कळत नाही. चाकोरीच्या दोन रेघा तेवढ्या माणसाची खूण. दुपारी एका दगडी खोपटापाशी तीन कुत्री आमच्यावर धावून आली. राखाडी, वासराएवढी, गळ्यात लांडग्यांपासून बचावासाठी खिळ्यांचे पट्टे. एका म्हातारीने दगड भिरकावून त्यांना मागे सारले. मिलुन्का तिचे नाव. उन्हाळाभर मेंढ्या घेऊन ती तिथे एकटीच राहते.

"देशातले घोडे संपले वाटतं?" तिने आमच्या गाडीकडे बघत विचारले. मग दोघांच्या हातांत आंबट दुधाचे वाडगे दिले. नेवेना कुत्र्यांकडून नजर हलवत नव्हती. तेव्हा ती म्हणाली, "अंगावर आली तर पळायचं नाही, बाळा. खाली बसायचं. बसलेल्याला ती चावत नाहीत. पण उठूही देत नाहीत, मी येईपर्यंत."

निघताना तिने पश्चिमेकडे पाहिले आणि आम्हाला राहायला सांगितले. आभाळ निळे होते. आम्ही निघालो.

गारा आल्या त्या कुठल्याही इशाऱ्याशिवाय. आधी एक थंड वारा, मग हेल्मेटवर मूठभर खडे आपटल्यासारखा आवाज, आणि पाहता पाहता हिरवे पठार पांढरे झाले. मी वेग कमी केला. पुढचे चाक घसरले. मी पाय टेकवला, तोही घसरला. गाडी तिरपी झाली. नेवेना मागून गवतात फेकली गेली. मी आणि गाडी खळग्याच्या काठावरून खाली गेलो!

तळाशी पोचलो तेव्हा मी उताणा होतो आणि डावा पाय गुडघ्यापासून इंजिनाखाली अडकला होता. सायलेन्सर गारांवर चरचरत होता आणि माझ्या पोटरीवरही.

"बाबा!" ती घसरत खाली आली. तिच्या हनुवटीला रक्त होते, पण हातपाय धड होते. एवढे पाहून घेतल्यावर मी ओरडलो.

तिने गाडीला खांदा लावला. गाडी चार बोटे उचलली गेली आणि परत पडली. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो तिने कधी ऐकला नव्हता, मीही नव्हता. त्यानंतर ती गाडीला हात लावायला धजेना. तंबूचा खांब टेकण म्हणून घातला तर तो काडीसारखा वाकला. दगड उकरावेत तर खाली अखंड खडक. फोन घेऊन ती काठावर चढली, हात उंच धरून गोल फिरली आणि खाली आली. तिने मान हलवली. रेंज नव्हती.

गारा थांबल्या आणि धुके उतरले. खळग्याचा काठ दिसेनासा झाला.

"मी त्या मेंढ्यांवाल्या आजीकडे जाते," ती म्हणाली.

"नाही. धुक्यात हलायचं नाही. असे शंभर खळगे आहेत इथे."

"मग काय करू? तुझ्याकडे बघत बसू?"

"हो. बस."

ती बसली. माझा हात हातात घेतला. माझे दात वाजत होते, बोटांना तिचा स्पर्श कळत नव्हता, आणि हे तिच्या लक्षात आले. ती उठली. मी दटावले, शपथ घातली, शेवटी विनवले. ती ऐकत होती आणि जॅकेटची चेन लावत होती. मला तिचा पायही धरता येईना, कारण ती माझ्या हाताच्या पलीकडे उभी होती.

"चाकोरी सोडू नकोस," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार? "मी हॉर्न वाजवत राहीन. वाट चुकलीस तर आवाजाकडे परत ये."

हॉर्नचे बटण तेवढे माझ्या हाताला येत होते. मी वाजवायचो आणि ती धुक्यातून "ऐकतेय" म्हणायची. पुन्हा वाजवायचो, पुन्हा "ऐकतेय". आवाज बारीक होत गेला. मग हॉर्नला उत्तर आले नाही. मी मनाची समजूत घातली, लांब गेली असेल, बरोबर चालली असेल.

आणि मग कुत्री भुंकली.

तिन्ही एकदम. लांब, पण भुंकणे चाल करून जाणारे. त्यात एकदा तिची किंकाळी ऐकू आली. मग काहीच नाही.

मी गाडीला लाथा घातल्या. उजव्या पायाने, मुठींनी, हेल्मेटने. पाय तुटून सुटला तर सुटू दे म्हणून अंग मागे ओढले, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा तेच धुके, तीच गाडी. मी हॉर्न दाबला. तो घोगरा वाजला. पुन्हा दाबला, कुजबुजल्यासारखा वाजला. मग नुसती टिकटिक, आणि तीही थांबली. तिला हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. लेकराला मीच जाऊ दिले होते, आणि आता तिच्यासाठी एक बोटही हलवता येत नव्हते. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींना घाबरलो आहे. पण तेव्हा कळले की घाबरायलाही काहीतरी करता यावे लागते. मी नुसता पडून होतो, डोळे उघडे ठेवून.

उजेड मावळत आला होता. काठावर काहीतरी हलले. राखाडी डोके, खिळ्यांचा पट्टा. कुत्र्याने खाली माझ्याकडे पाहिले आणि एकदाच भुंकले. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, रक्त दिसते का म्हणून.

"इथेय! आजी, इथेय!" तो नेवेनाचा आवाज होता.

ती खाली आली ती सरळ माझ्या छातीवर पडली. रडत होती आणि रागावलेलीही होती. "हॉर्न का थांबवलास? का थांबवलास?"

कुत्री आली तशी ती खाली बसली होती. तिन्ही तिच्याभोवती बसली. ती उठायला गेली की कुत्री गुरगुरायची. मिलुन्का मेंढ्या कोंडायला गेलेली. हाक तिच्यापर्यंत पोचेना. तिथे बसून नेवेना माझा हॉर्न ऐकत होती. घोगरा झालेला ऐकला. थांबलेला ऐकला. "मला वाटलं, तू गेलास. आणि आजी येईपर्यंत मला उठताही येत नव्हतं, बाबा."

म्हातारी घोडा काठावर उभा करून दोर घेऊन उतरली. तिने माझ्या पायाकडे पाहिले, चेहऱ्याकडे पाहिले. "ओरडून घे, लेका. इथे शेजारी नाहीत." दोर गाडीच्या सांगाड्याला बांधला. नेवेना घोड्यापाशी गेली. "ओढ!" म्हातारी ओरडली. घोडा पुढे सरकला. दोर ताणला. गाडी करकरली, उचलली गेली, आणि म्हातारीने मला काखांत धरून मागे खेचले. मी ओरडलो. पाय मोकळा झाला!

खोपटात तिने पायाला फळ्या बांधल्या आणि शेकोटीपाशी मक्याचे गरम काचामाक भरवले. दोघे मेंढीच्या कातड्यांखाली झोपलो. मोटारसायकल खळग्यातच राहिली. तिला काढायला पुन्हा कुणी गेले नाही.

सकाळी मिलुन्काचा पुतण्या ओब्राद जीप घेऊन दूध न्यायला आला. आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते. झाब्ल्याकच्या दवाखान्याकडे उतरताना समोर सगळा दुर्मितोर उभा राहिला, आणि मधोमध बोबोतोव कुक.

"पोरीला वर पाठवू," ओब्राद म्हणाला. "माझी बायको रोज लोकांना नेते. तुझ्या पायाला प्लास्टर घालेपर्यंत ही शिखरावर."

"जा," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. "यासाठीच तर आलो होतो."

नेवेनाने शिखराकडे बराच वेळ पाहिले. मग विचारले, "प्लास्टर घालताना पाय कोण धरतं?"

"नर्स असते की," ओब्राद म्हणाला.

"मी धरीन."

डॉक्टर तिला बाहेर बसायला सांगत होते, पण ती हलली नाही. तेव्हा त्यांनी तिला टाच कशी धरायची ते दाखवले आणि अजिबात हलू द्यायची नाही म्हणून बजावले. तिने दोन्ही हातांनी धरली. त्या पायाबाबत मला काहीच करता येत नव्हते, आणि या वेळी करायचेही नव्हते. मी डोके मागे टेकले आणि डोळे मिटून घेतले.