दारावरचं तिसरं नाव

हर्षाली क्लासवरून आली आणि दारातच थबकली. सकाळी पाटीवर तीन नावं होती: शेखर, मनीषा, छाया. आता दोनच! तिसऱ्याच्या जागी स्क्रूची दोन भोकं.

पप्पा, मम्मी आणि छायामावशी ही तिघं एकमेकांची आहेत, हे नाशिक रोडच्या त्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. एक घर, एक चूल, एक खातं. संसार तिघांचा, कायद्याने लग्न मात्र पप्पा-मम्मीचंच. फ्लॅट पप्पांच्या नावावर, आणि कर्जाचा अर्धा हप्ता मावशीच्या फुलांच्या हारांच्या दुकानातून.

म्हणजे कुणीतरी मावशीला घराबाहेर काढतंय! सोळा वर्षांची हर्षाली बाह्या सरसावून आत घुसली.

स्वयंपाकघरातून मावशीची भांडी गायब. ती सापडली मावशीच्या खोलीत, पोत्यात, तोंडाला दोऱ्याची गाठ. शेजारी नवी कोरी शेगडी. भिंतीवर विजेचा वेगळा मीटर.

"मम्मी, हे तू केलंस?"

"मी?" मम्मीचे डोळे सुजले होते. "मी तिला सारखी फोन लावतेय, उचलत नाही."

"भांडलात?"

"कुकरच्या शिट्ट्यांवरून भांडतो आम्ही. घरावरून नाही गं."

पप्पा सोफ्यावर, मान खाली.

"तुम्ही केलंत?"

"नाही."

"मग मान खाली का?"

"आयकरची नोटीस आलीय, हर्षू. छायाचे पैसे माझ्या खात्यात येतात ना? विचारतात, ही तुमची कोण? बायको असती तर प्रश्नच नव्हता. परक्याने दिलेले पैसे म्हणजे माझं उत्पन्न, भरा कर."

"मावशी परकी? मग फ्लॅटवर तिचं नाव लावा!"

"कर्ज फिटेपर्यंत बँक तयार नाही. सीए फोनवर म्हणाला, तिला भाडेकरू करा, म्हणजे ते पैसे भाडं म्हणून दाखवता येतील. मी साफ नाही म्हणालो."

"फोन स्पीकरवर होता?"

"हो. का?"

हर्षाली उत्तर न देता खोलीत गेली. पोत्याच्या गाठीचं एक टोक तिने हलकेच ओढलं. अख्खी गाठ सुटली.

दार वाजलं. मावशी आली होती.

"गुन्हेगार आल्या," हर्षाली म्हणाली. "मम्मीला ही हारवाल्यांची गाठ कधी जमली नाही. पप्पांनी जन्मात फूल ओवलं नाही. शेगडी वेगळी, मीटर वेगळा, म्हणजे घरात भाडेकरू. पप्पा नाही म्हणाले ते तू ऐकलंस, आणि स्वतःच स्वतःला काढलंस."

"हुशार आहेस गं बये," मावशी हसली. "भाडं दिलं की कोण कुणाची, कुणी विचारत नाही."

"पण भाडेकरूला घरात वाटा नसतो! तू भरलेले हप्ते?"

"नसतो वाटा. माहितीय मला."

"छाया, मी सही करणार नाही," पप्पा म्हणाले.

"मग मी खरंच जाते."

मम्मी रडायला लागली.

मावशीने बोलावलेला भाडेकराराचा एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. पप्पांनी तोंड फिरवून अंगठा टेकवला. मावशीचा मात्र उमटेना. सुई-दोऱ्याने रेषाच झिजलेल्या. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लाल दिवा.

हर्षालीला वाटलं, नकोच उमटू दे.

"ताई," एजंट तिला म्हणाला, "जरा दाबून धरता का यांचा अंगठा?"

मावशीने हात पुढे केला. हर्षालीने पप्पांकडे पाहिलं, मम्मीकडे पाहिलं. कुणीच नको म्हणेना.

तिने तो गार अंगठा हातात घेतला आणि काचेवर घट्ट दाबला.

"झालं बघा," एजंट म्हणाला.