सगळ्यांत लहान आकडा

वर्ग सोडायचा अर्ज घेऊन मी ऑफिसच्या खिडकीपाशी उभी होते, आणि माझ्या पुढे तोच अर्ज घेऊन तो. कारकूनबाई चहाला गेल्या होत्या. खिडकीवर ‘पाच मिनिटांत येते’ अशी पाटी होती, आणि ती पाटी इतकी जुनी होती की तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नसे.

‘‘अ‍ॅनालिसिस?’’ माझ्या अर्जाकडे बघत त्याने विचारलं.

‘‘अ‍ॅनालिसिस,’’ मी म्हटलं. दवाखान्यात दोन रोगी एकमेकांना आजार सांगतात, तसं.

पहिल्या दिवशी त्या वर्गात बावन्न जण होते, तिसऱ्या आठवड्यात एकोणीस उरले होते. सरांचं प्रत्येक वाक्य ‘समजा’ने सुरू व्हायचं, म्हणून आम्ही त्यांना समजा सर म्हणायचो. ते समजा म्हणायचे आणि आम्हाला काही समजायचं नाही. तोवरच्या गणितात उत्तर काढलं की सुटका व्हायची. इथे उत्तर सर स्वतःच फळ्यावर लिहून द्यायचे, आणि ते खरं का आहे हे आम्ही सिद्ध करायचं. पदवीला पहिल्या-दुसऱ्या आलेल्या मुली तास संपल्यावर तोंड धुऊन यायच्या आणि डोळ्यांत खडू गेला म्हणायच्या. त्यांतली मी दुसरी. शाळेपासून मी कायम दुसरीच आले होते, आणि मला त्याचं काही वाटत नाही असं घरच्यांना वाटायचं.

तो डावखुरा होता. लिहिताना त्याचा हात लिहिलेल्यावरूनच फिरायचा, त्यामुळे अर्जभर शाई पसरली होती. मी ते दाखवलं तर म्हणाला, हे बघून सर आपल्याला सोडणारही नाहीत, आधी नीट लिहून आणा म्हणतील. मला हसू आलं. मग नुसतं उभं राहून काय करायचं, म्हणून त्याने त्या आठवड्याचं तिसरं उदाहरण अर्जाच्या मागच्या बाजूला काढलं. मी ‘का?’ विचारलं. त्याने आणखी एक ओळ लिहिली, मी पुन्हा ‘का?’ विचारलं. त्याचा कागद संपला तेव्हा मी माझा पुढे केला. पाचव्या की सहाव्या ‘का’ला ते उदाहरण सुटलं, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो... चोरी करून सापडलो नाही, अशा आनंदात.

बाई आल्या, चष्मा लावून म्हणाल्या, ‘‘द्या अर्ज.’’

‘‘खराब झालेत हो दोन्ही,’’ तो म्हणाला. ‘‘उद्या नवीन आणतो.’’

जिना उतरताना त्याने विचारलं, ‘‘उद्या येणार ना?’’

‘‘अर्ज द्यायला?’’

‘‘नाही... ‘का’ विचारायला.’’

त्या दिवसापासून मी त्याची शंकासुर झाले. मी त्याला डावखुरा म्हणायचे. खरी नावं फक्त हजेरीला लागायची.

त्याच्या वडिलांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरींच्या काचा. वडील आणि दादा काच कापायचे, आणि हा सुट्टीच्या दिवशी मदतीला जायचा. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर बारीक, पांढऱ्या रेघा होत्या. वडिलांनी एवढंच सांगितलं होतं की शिकायचं तितकं शीक, पण शिकून पुढे काही झालं नाही तर दुकानात ये, तिसरा हात लागतो आहे. माझ्यासाठी मामाची शिकवणी तयार होती. सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवायचे. मामा भला माणूस, पण अपूर्णांकांचं नाव काढलं तरी माझ्या अंगावर काटा यायचा.

लायब्ररीतलं कोपऱ्यातलं टेबल आमचं झालं. दुपारी आम्ही तिथे बसायचो, तो बाह्या मुडपून लिहायचा आणि मी त्याच्या कोपरापाशी वाकून वाचायचे. एकदा पाऊस इतका लागला की खिडकीच्या काचा आतून धुरकटल्या. त्याने बोटाने काचेवर एक वक्र रेषा काढली, तिच्या खाली दुसरी, आणि म्हणाला की या दोघी कायम जवळ येत राहतात पण भेटत कधीच नाहीत.

‘‘बिचाऱ्या,’’ मी म्हटलं.

‘‘आपण त्यांतले नाही,’’ तो म्हणाला, आणि लगेच काचेकडे बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. मी पुढे काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ‘का’ विचारायचा राहिला, आणि तो राहिला म्हणून मी आठवडाभर आनंदात होते.

सरांच्या वर्गात दर गुरुवारी फळ्याचा तास असायचा. एकाने सिद्धता लिहायची आणि फळा तसाच सोडून जागेवर जायचं. स्वतःचं स्वतः पुसायचं नाही. पुढचा जो येईल त्याने आधी फळा वाचायचा, त्यात कुठे भोक असेल तर ते सांगायचं, आणि मगच डस्टर उचलायचं. सर म्हणायचे, समजा तुम्हाला स्वतःची चूक दिसली असती, तर तुम्ही ती केलीच नसती. वर्ग म्हणायचा, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. पण त्या पद्धतीने आम्ही शिकलो, हे खरं.

वर्ष संपता संपता सरांनी सांगितलं की त्यांच्या हाताखाली संशोधनाला एक जागा आहे. एकच. सहा जणांना तोंडी परीक्षेला बोलावलं, त्यांत आम्ही दोघं होतो. प्रत्येकाने स्वतः निवडलेली एक सिद्धता बाहेरच्या दोन परीक्षकांपुढे मांडायची होती, आणि फळ्याचा नियम तिथेही गुरुवारचाच होता. आम्ही एकमेकांना वचन वगैरे दिलं नाही. तो एवढंच म्हणाला की दोघांपैकी कोणालाही मिळाली तरी ती घरातच राहील. ‘घरात’ म्हणताना तो अडखळला, आणि मी उगाच दप्तरात पेन शोधत बसले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, बुधवारी चार वाजता, रिकाम्या वर्गात त्याने मला त्याची सिद्धता दाखवली. पुस्तकातली नव्हती. एका जुन्या प्रमेयाला त्याने स्वतः काढलेली वाट होती, पुस्तकातल्या वाटेपेक्षा निम्मी. खडू कटकट वाजत होता, बाही लिहिलेल्यावर घासत होती, आणि तो मध्येच मागे वळून माझ्याकडे बघून हसत होता. गालावर खडू लागला होता. पुसावासा वाटला.

त्याच्या सिद्धतेत रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला एक-एक आकडा मिळत होता, प्रत्येक आकडा शून्याहून मोठा. मग मधल्या एका ओळीत त्याने लिहिलं, ‘यांतला सगळ्यांत लहान घेऊ.’ पुढचा सगळा डोलारा त्या आकड्यावर उभा होता.

मला ते तिथल्या तिथे दिसलं. रेषेवर बिंदू असंख्य, म्हणजे आकडेही असंख्य, आणि असंख्य आकड्यांत सगळ्यांत लहान असा एक असेलच असं नाही. एक, अर्धा, पाव, पावाचा अर्धा... कितीही खाली उतरा, त्याहून लहान असतोच. जो आकडा तो घेत होता, तो कदाचित नव्हताच.

‘‘काही शंका, शंकासुरा?’’ खडू खाली ठेवत त्याने विचारलं.

मी फळ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

‘‘छान आहे,’’ मी म्हटलं.

‘‘बस? एकही ‘का’ नाही?’’

‘‘नाही.’’

त्याने इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं आता रडेल. उद्याचं झालं की तुला एक विचारायचंय, म्हणाला. मी म्हटलं, आत्ता विचार की. आत्ता नको, आत्ता तू हसशील... आणि मला उद्यापर्यंत धीर हवाय.

घरी जाताना मी स्वतःला समजावत होते की तो किती खूश होता, परीक्षा उद्यावर आलेली, आता सांगून नुसता गोंधळ उडाला असता. माझं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून मी मूग गिळले, असं मी ठरवून टाकलं. परीक्षेचा क्रम लावणारी यादी मात्र त्या दिवशी सकाळीच लागली होती. चौथा तो होता, पाचवी मी.

गुरुवारी तो आत गेला तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसले होते. उकाडा होता, दार उघडंच ठेवलं होतं. त्याचा आवाज मस्त लागला होता. मग बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, ‘‘यांतला सगळ्यांत लहान म्हणजे कोणता?’’

खडू थांबला. नंतर तो काहीतरी बोलला, ते तुटक होतं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता, तरी माझ्याजवळ थांबून म्हणाला, ‘‘नीट कर. माझं काहीतरी चुकलं, काय ते अजून कळलं नाहीये.’’ आणि मी उठले त्याच जागेवर तो बसला.

फळा तसाच होता. डाव्या हाताचं, उलट्या बाजूला कललेलं अक्षर, आणि अधेमधे बाहीने पुसलेलं. सर म्हणाले, आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे. आधी वाचा.

मला वाचावं लागलंच नाही. मी त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि सांगत सुटले. बिंदू असंख्य, आकडे असंख्य, एक, अर्धा, पाव, पावाचा अर्धा, सगळ्यांत लहान कोणता, तर कोणताच नाही. अर्ध्या मिनिटात सांगून झालं. बाई सरांकडे बघून म्हणाल्या, ‘‘किती स्वच्छ बघते ही मुलगी.’’ मी डस्टर उचललं. दार उघडं आहे हे मला तेव्हा आठवलं.

माझी स्वतःची सिद्धता चांगली झाली. काय लिहिलं ते आज आठवत नाही.

तीन वाजता नोटीस लागली. जागा मला मिळाली होती. जन्मात पहिल्यांदा मी पहिली आले होते, आणि तिथे उभ्या असलेल्या दोघीतिघींनी माझे हात हातात घेतले. मी त्यांच्या खांद्यांवरून त्याला शोधत होते. तो त्याच बाकावर बसला होता, मांडीवर वही.

‘‘कधी दिसलं तुला?’’ त्याने विचारलं.

‘‘आत गेल्यावर...’’

‘‘आत गेल्यावर इतकं पाठ नसतं.’’

मी शेजारी बसले. ‘‘काल. तू ती ओळ लिहिलीस तेव्हाच.’’

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता मान हलवत राहिला. म्हणाला, यादी त्यानेही वाचली होती. आपल्यानंतर ती आहे, हे बघून त्याला बरं वाटलं होतं. निदान पुसणारं माणूस तरी आपलं आहे.

‘‘तू इतका खूश होतास,’’ मी म्हटलं. ‘‘मला ते मोडवेना. मला तू आवडतोस... खूप आवडतोस. म्हणून नाही बोलले.’’ वर्षभर जपलेलं वाक्य, आणि मी ते असं सबब म्हणून वापरलं. वापरताना मला त्याची लाज वाटली, तरी वापरलं.

‘‘मलाही तू आवडतेस,’’ तो म्हणाला. आवाज अगदी सपाट होता. ‘‘आज तेच विचारणार होतो.’’

समोरून शिपाई परीक्षेच्या खोलीतल्या खुर्च्या एकेक करून बाहेर नेत होता.

‘‘एक सांग,’’ त्याने विचारलं. ‘‘परीक्षा नसती, जागा नसती, आपण नुसतेच लायब्ररीत बसलो असतो आणि मी ही ओळ लिहिली असती... तर बोलली असतीस?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘लगेच. अर्थातच.’’

बोलले तेव्हा मला वाटलं, मी माझी बाजू मांडते आहे. त्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं, मी काय बोलून बसले ते. तेव्हाही तो तितकाच खूश असता, तेव्हाही मला तितकाच आवडत असता, आणि तरी मी बोलले असते. दोन्हींत फरक होता तो फक्त जागेचा. मला ती जागा त्याच्याहून जास्त हवी होती. बुधवारीही हवी होती, आणि आत्ता, त्याच्या शेजारी बसूनसुद्धा, ती सोडायचं माझ्या मनात येत नव्हतं.

‘‘बरं,’’ तो म्हणाला.

मग त्याने वहीचं नवं पान काढलं आणि लिहायला लागला. मध्ये एकदा थांबला, ओठ हलवत स्वतःशीच म्हणाला, रेषेचा तुकडा आहे, दोन्ही टोकं धरून... म्हणजे सगळे बिंदू लागतच नाहीत, मोजकेच पुरतात. आणि मोजक्यांत सगळ्यांत लहान असतोच. त्याचा हात भरभर चालला होता. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. नऊ मिनिटं लागली.

पान फाडून त्याने माझ्या हातात दिलं. सोमवारपासून दुकानात जाणार आहे, असं आईला कळवायचंय म्हणाला, आणि उठला. जिन्याच्या वळणावर तो थांबेल असं मला वाटलं होतं. तो थांबला नाही.

शाई पसरली होती, तरी अक्षर लागत होतं. मी त्या बाकावर बसून ती सिद्धता पहिल्या ओळीपासून तपासली. मग पुन्हा, मग आणखी एकदा, प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारत. कुठेतरी एखादं भोक सापडावं, म्हणजे त्याच्या मागे धावत जाऊन त्याला सांगता येईल, म्हणून मी ते पान संध्याकाळपर्यंत बघत होते. एकही चूक नव्हती.