काळ्या पट्टीचा कमांडर

विभाने पहिल्याच भेटीत नीलकंठला मारून टाकलं. तेही नियमानुसार, भर सकाळी, जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या एका शाळेच्या मैदानावर.

सप्टेंबरातली भूकंपाची कवायत होती ती. मोठ्या भूकंपाला तीन वर्षं होऊन गेली होती, पण तेव्हापासून इथे अशी कवायत कुणी हसण्यावारी नेत नसे. विभा इमारतींना बसणाऱ्या हादऱ्यांवर संशोधन करणारी; त्या दिवशी मात्र स्वयंसेविका. जखमींच्या मनगटाला चिठ्ठी बांधायचं काम तिच्याकडे. चिठ्ठीला रंगीत पट्ट्या: खालून हिरवी, पिवळी, लाल आणि सगळ्यात वर काळी, म्हणजे मृत. जखम बघून खालच्या पट्ट्या फाडायच्या. खाली शेवटची उरेल तिचा रंग रुग्णाचा. समोरचा खोटं रक्त माखलेला उंच माणूस डोळे मिटून चक्क मराठीत गुणगुणत होता... आणि विभाचा हात चुकला. पिवळीबरोबर लालही फाटली.

"अहो... माफ करा हं. तुम्ही गेलात."

त्याने एक डोळा उघडला. "कुठे?"

"वर."

"वरूनच तर रिटायर होऊन आलोय," तो म्हणाला. "एअरफोर्स. हेलिकॉप्टर पायलट."

कवायतीचे प्रमुख ओगावा-सान धावत आले, त्यांनी दातांतून हवा ओढली आणि खेदाने मान हलवली. फाटलेली पट्टी परत जोडता येत नाही. खऱ्या संकटातही येत नाही, म्हणून आजही नाही. झालं! नीलकंठची रवानगी मैदानाच्या टोकाला, निळ्या ताडपत्रीवर. तिथे तो एकटाच मृत. जिवंत जखमींना गरम सूप मिळत होतं, याला कोण विचारतो? तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. विभाला अगदी अपराधी वाटलं, आणि ती छत्री घेऊन त्याच्या उशाशी जाऊन बसली.

"मेलेल्यांनी बोलायचं नसतं," ती म्हणाली.

"मग तुम्ही बोला. कित्येक दिवसांत मराठी कानावर पडलेलं नाही."

ती काय बोलली, ते तिला नंतर आठवेना. छत्रीवरची टपटप आठवत होती, आणि तो डोळे मिटून ऐकत होता ते. तसं मन लावून तिचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मग रविवार आले. सायकली आल्या, गिंकोच्या झाडांची पिवळीधमक पानं आली, तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो तुकड्यातुकड्याने स्वतःबद्दल सांगायचा. पुराच्या पाण्यावर हेलिकॉप्टर स्थिर धरून छपरांवरची माणसं उचलली होती. मग एकदा हेलिकॉप्टर आदळलं, पाठीचा मणका गेला. डॉक्टर म्हणाले, उडणं बंद. तेव्हा तिकडे भारतात त्याच्या राज्याने नवं आपत्ती रक्षक दल काढलं आणि त्याला कमांडर केलं. इथली पद्धत शिकायला तो आला होता, नोव्हेंबरपर्यंत.

"आता जमिनीवर करमतं?" तिने विचारलं.

"तुझ्या बाजूला असलो की... हो."

पुढचं वाक्य येईल म्हणून विभा थांबली, ते आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. शेवटी तिनेच छेडलं, तर म्हणाला, "त्या अपघातात माझा को-पायलट गेला. त्याच्या बायकोला सांगायला मीच गेलो होतो, विभा. ती फोन मांडीवर घेऊन बसली होती. वादळ आलं की मी अजूनही पुढे असणार. तसं कुणाला बसवायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलंय."

विभा खूप चिडली. आणि रात्रभर... रडलीही.

विमानतळाच्या बसपाशी ती आली तेव्हा तो सामान ठेवून उभा होता. गार वारा सुटला होता. त्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं, आणि तिचं अर्धं भाषण तिथेच विरघळलं.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," ती म्हणाली. "आणि फोन मांडीवर घेऊन बसायला मला वेळ नाही. माझं इथलं काम अजून दोन वर्षांचं आहे, ते मी सोडणार नाही. इथेही जमीन रोज हलते — ते विसरलास?"

"म्हणजे?"

"म्हणजे वाट तू बघायची. इथे हादरा बसल्याची बातमी आली की फोन तुझ्या मांडीवर."

माणसांना वाचवायला जाणं त्याला ठाऊक होतं. मागे राहणं नव्हतं.

"भीती वाटतेय," तो हळूच म्हणाला.

"मलाही वाटणार आहे. वाटू दे की."

त्याने तिचे गारठलेले हात हातात घेतले. "बघेन वाट," म्हणाला, आणि पुढे जे इतके दिवस अडलं होतं तेही एकदाचं बोलून टाकलं — तिच्या कानात, फक्त तिच्यापुरतं.

ड्रायव्हरने टोपी सावरून वाकून नमस्कार केला, दार मिटलं, बस हलली. खिडकीशी बसलेल्या त्या कमांडरने आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी वाट बघायला सुरुवात केली. आणि विभा डोळे पुसत, हसत, आपल्या कामाकडे निघाली.