ऐकणाऱ्याला लाल

पुण्याच्या साथगणित प्रयोगशाळेत डॉ. नीलाक्षी तिरोडकर एकच गणित पुन्हा पुन्हा हाताने करून बघत होती. गणित वडिलांचं होतं. वेंगुर्ल्याहून कोल्हापूरचं इस्पितळ, घरची गाडी, वाटेत कुठे थांबायचं नाही. वय, लस, नाजूक हृदय, सगळं धरूनही प्रवासात साथीचा फुप्फुसज्वर होण्याची जोखीम नगण्य येत होती. हृदयाची झडप बदलायला उशीर केला तर काय होणार, हे मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि बाबांनी रोज सकाळी प्रवासाची नोंद केली की त्यांच्या मनगटपट्टीवर लालच दिवा लागे.

ही पट्टी तिच्याच गटाने घडवलेली. नोंद केली की ती माणसाचा प्रवास-जोखीमांक काढी. हिरवा म्हणजे निघा, लाल म्हणजे घरी बसा. सक्ती नव्हती, नुसता सल्ला. पण साथीत घाबरलेला माणूस सल्ल्यालाच कुलूप समजतो.

“इरफान, बाबांचा लाल खोटा आहे.”

साथतज्ज्ञ डॉ. इरफान मुजावर चहाचा कप ठेवून तिच्या पडद्याशी आले. “काही लाल खोटे असणारच. पहिल्या लाटेत आपण प्रत्येकाला खरं सांगितलं होतं, आज रस्ते मोकळे आहेत, धोका कमी. झालं! सगळे एकाच दिवशी बाहेर पडले, एसट्या खच्चून भरल्या आणि आपलं खरं संध्याकाळपर्यंत खोटं ठरलं.”

“म्हणून धोका नसलेल्यांनाही थोडं थांबवायचं, ते मला मान्यच आहे. पण चिठ्ठ्या टाकल्यासारखं. आज तुम्ही, उद्या मी. बाबांचीच चिठ्ठी रोज कशी निघते? आणि दिगूदादाची एकदाही कशी नाही?”

दिगंबर तिचा थोरला भाऊ, बाबांजवळच राहणारा. कुणाचं ऐकेल तर शपथ. भर साथीत गोव्यापर्यंत हुंदडून येई, आणि त्याची पट्टी बारमाही हिरवीगार.

पट्ट्यांमागच्या यंत्राने स्वतःहून शिकलेले नियम मुजावरांनी उघडले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

“आपण त्याला सांगितलं, कमीत कमी लाल देऊन गर्दी आवर. न ऐकणाऱ्याला दिलेला लाल फुकट जातो, तो निघायचा तो निघतोच. म्हणून यंत्राने प्रत्येकाचा पालनगुणांक काढलाय. जो ऐकतो, त्यालाच लाल.”

नीलाक्षीने लगेच घरी फोन लावला.

“तुझ्या यंत्रान नको म्हटल्यान, मगे मी कसो जाव?” बाबा म्हणाले. “माझ्या चेडवान केलला यंत्र. मीच नाय ऐकलंय, तर लोक कित्याक ऐकतले?”

तिने सगळं समजावून सांगितलं. निवृत्त तिरोडकर गुरुजी चक्क हसले.

“अगो, ह्या तर मी जन्मभर केलंय. वर्ग झाडूक हूड पोरांका सांगून काय उपयोग? ती पळान जातत. म्हणान शाण्या पोरांकाच सांगायचो. फळो रोज कोण पुसायचा, आठवता मा?”

आठवत होतं. बाकीची पोरं आवळे पाडायला गेली की बाबांच्या वर्गात ती एकटी फळा पुसत राही.

“आज निघा बाबा. दादाला गाडी काढू दे.”

“आणि माझो लाल? तो खय जातलो?”

“दुसऱ्या कुणाकडे तरी,” ती हळूच म्हणाली. “तेवढी माणसं थांबायलाच हवीत.”

आंबोलीच्या घाटात बाबांची पट्टी हिरवी झाली. लाल असताना एकदाच निघाले, आणि गुरुजी न ऐकणाऱ्यांत जमा झाले. संध्याकाळी कोल्हापुरातून त्यांचा फोन आला. शस्त्रक्रिया उद्याच होती. “तू ये गो. भूल देवच्या आधी तुका बघूचा आसा.”

बॅग भरून तिने साथ आल्यापासूनची स्वतःची पहिली नोंद केली. पट्टी लाल झाली.

“खोटा आहे!” ती ओरडली. “माझं गणित आत्ताच केलंय मी. आणि मी ऐकणार नाही, हेही त्याला कळायला हवं.”

मुजावरांनी तिचा पालनगुणांक काढला. तो पूर्ण होता; नोंद न करता ती एकदाही शहराबाहेर पडली नव्हती. “यंत्राला कारणं कळत नाहीत, नीलाक्षी. तू आजवर कशी वागलीस तेवढंच त्याला दिसतं. जायचं तर जा. तुला कोण अडवतंय?”

ती बॅग घेऊन प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेली. दाराला कुलूप नव्हतं. एक पाऊल टाकलं की पट्टी हिरवी होणार, हे तिला माहीत होतं. तो लाल मग दुसऱ्या कुणा ऐकणाऱ्याकडे जाणार, आणि तोही कुणाचा तरी बाप असेल, झडपेसाठी ताटकळलेला, हेही माहीत होतं. बाबांसाठी तिने एकदा तसं केलं होतं. स्वतःसाठी पाय उचलेना. तिला यंत्राचा राग आला, बाबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

फोन वाजला. “निघालंस काय गो?”

“बाबा, मला लाल आलाय.”

“माझोच आसतलो तो,” बाबा हळूच म्हणाले, “फळो पुसूक वर्गात दुसरा होताच कोण? रडा नको. तू थयच बस. मी बरो होवन येतलंय.”

नीलाक्षीने बॅग दाराच्या आत ठेवली आणि तिच्यावरच बसून राहिली.