हाताला लागलेली गाठ

आरोग्य केंद्र उघडून सिस्टरने केसपेपरांचा गठ्ठा खिडकीशी ठेवला आणि डॉक्टरांची खुर्ची पुसली. अकरा वर्षं तिचा हाच शिरस्ता. डॉक्टर तिला थोरल्या भावासारखे. घरी सख्ख्या वहिनीच्या पोटात कळ आली की "आपले डॉक्टर आहेत ना!" म्हणत ती तिला हाताला धरून इथेच आणायची. दोन वर्षांत चारदा आणलं. चारही वेळा ॲसिडिटीच्या गोळ्या.

गेल्या महिन्यात वहिनी गेली. शहरातले सर्जन म्हणाले, "स्वादुपिंडात पाण्याने भरलेली गाठ होती. कुत्र्यांच्या जंतापासून होते. आतल्या आत फुटली. नुसतं पोट दाबलं असतं, तरी हाताला लागली असती."

पण डॉक्टरांनी पोट दाबलं होतं. सिस्टर शेजारीच उभी होती.

आज तिने विचारलंच. "डॉक्टर, वहिनीची गाठ तुमच्या हाताला लागली नव्हती?"

"कुणाची वहिनी?" डॉक्टरांनी मान वर केली. चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. "तुमच्या घरचं इथं कधी कुणी आलंच नाही, सिस्टर."

तिने पेशंटांचं रजिस्टर काढलं. चारही तारखा सापडल्या. नंबर होते, पुढची ओळ कोरी. खाडाखोड नाही, कागद कुठे खरवडलेला नाही. तिथे वहिनीचं नाव तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. मागची पानं चाळली, तर अशा कोऱ्या ओळी आणखी कितीतरी.

तिचा हात स्वतःच्या पोटावर गेला. तिथे महिनाभर दुखत होतंच. घरचं कुत्रं तिच्या आणि वहिनीच्या, दोघींच्याही मांडीवर वाढलेलं.

ती तपासणीच्या टेबलावर आडवी झाली. "माझंही बघा."

डॉक्टरांची गार बोटं फिरत गेली. डाव्या बरगडीखाली थबकली. पुन्हा दाबलं. तिलाही कळलं. लिंबाएवढं, गोल, घट्ट.

त्यांनी हात काढून घेतला.

"काही नाही. ॲसिडिटी."

"डॉक्टर, मला तरी खरं सांगा."

ते बेसिनकडे वळले. बराच वेळ हात धूत राहिले.

ती उठून त्यांच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली. त्यांनी हात पुसले, तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं आणि कंपाउंडरला हाक मारली.

"अरे, आज सिस्टर आल्या नाहीत का?"

कंपाउंडर दारात आला. त्याने सिस्टरकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाहिलं.

मग घाईघाईने नजर खाली वळवली.

"नाही साहेब," तो म्हणाला.