बारावं घर

नकाशा कचेरीतल्या त्या कारकुनाचं काम तसं बिनघोर होतं. गावाच्या नावाची निरनिराळ्या भाषांतली जुनी रूपं गोळा करायची, गावात जाऊन पडताळायची आणि नव्या नकाशासाठी एक नाव शाईने कार्डावर लिहायचं. बायको गेल्यापासून तो आणि सात वर्षांची लेक, एवढाच संसार. त्या सकाळी बहिणीला घरी थांबवून, दिवेलागणीच्या आत येतो असा लेकीला शब्द देऊन तो निघाला.

या गावाचं नाव मात्र चमत्कारिक होतं. शिलालेखाच्या भाषेत त्याचा अर्थ होता ‘आठ घरं’. नावाड्यांच्या बोलीत ‘नऊ घरं’, मागून आलेल्या फौजेच्या भाषेत ‘दहा’ आणि परक्या राज्यकर्त्यांच्या दप्तरात ‘अकरा’. आधीच्यांना धड मोजताही येत नव्हतं, असं म्हणून तो हसला. आपल्याआधीचे सगळे गाढव, ही त्या कचेरीतली जुनीच श्रद्धा.

भर दुपारी गावात चिटपाखरू नव्हतं. त्याने घरं मोजली. बारा भरली. बारावं रिकामं होतं, नुकताच चुना दिलेला, त्याचा ओला वास गल्लीभर. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. किती लिहू, असं त्याने तिला विचारलं.

“मोजलीत तेवढी लिहा. माझ्या वडिलांनीही मोजूनच लिहिली होती... अकरा.”

त्याने ‘बारा घरं’ लिहिलं आणि सहज विचारलं, “ते इथलेच का, आजी?”

“नाही. एका दिवसाच्या कामाला आले होते...” ती रिकाम्या घराकडे बघत म्हणाली. “मला मागून आणलं.”

त्याने वळून पाहिलं. त्या घराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. दर वाढदिवसाला लेकीला घरच्या चौकटीशी उभं करून तो मारायचा, तशाच. तारखाही त्याच्याच अक्षरात. सात रेघा ओळखीच्या होत्या. त्यांच्या वर आणखी पाच होत्या, अजून न उजाडलेल्या वर्षांच्या.

कार्डाचे तुकडे करून तो जिवाच्या आकांताने पळत सुटला.

घरी पोचला तेव्हा दिवे लागत होते. लेक धावत येऊन बिलगली आणि त्याला रडूच कोसळलं. बहीण घाबरून काय झालं विचारत होती. तेवढ्यात त्याला तो वास आला. रंगारी कोणी बोलावला होता, असं त्याने विचारलं. कोणीच आलं नव्हतं, दिवसभर दार बंदच होतं.

चौकट पांढरीशुभ्र होती. एकही रेघ नव्हती. त्याने बोट लावून पाहिलं... चुना अजून ओला होता.