झोपलेली अंडी

पाणी सोडायच्या आधी वैजयंताने सवयीनं मोबाइल बघितला. टोमॅटोच्या सरीत रोवलेल्या सळया जमिनीतल्या सूत्रकृमींची, मुळांना गाठी आणणाऱ्या बारीक किड्यांची, वळवळ ऐकायच्या आणि आकडा पाठवायच्या. आकडा शून्य. गेल्या हंगामात संशोधन केंद्राने चाचणीसाठी तिचं रान निवडलं, ठिबकमधून झेंडूच्या मुळांचा अर्क सुरू झाला, तेव्हापासून शून्यच.

तेवढ्यात खालच्या रानातून तिची मोठी जाऊ मंदाकिनी बांध चढून आली. हातात उपटलेलं रोप.

"वैजे, बघ तुझी भेट."

मुळांवर आल्याच्या कंदासारख्या गाठी. मंदाकिनीच्या लागणीत रोपं मेली, तेव्हा त्या नांग्या, रिकाम्या पडलेल्या जागा, भरायला वैजयंतानेच आपल्या वाफ्यातली उरलेली रोपं दिली होती. उरलेलं रोप फेकायचं नाही, जावेला द्यायचं, ही घरची रीत.

"माझ्याकडं तर शून्य आहे, अक्का."

"मग गाठी काय मी हातानं वळल्या?"

वैजयंताने केंद्रातल्या तांबोळी मॅडमना स्पीकरवर फोन लावला. अक्काच्या रोपावरच्या गाठी सांगितल्या.

"अर्क अळ्यांना मारतो. अंड्यांना फक्त झोपवतो," त्या म्हणाल्या. "अर्क थांबला, किंवा रोप अर्क नसलेल्या रानात गेलं, की ती फुटतात. सळईला हालचाल ऐकू येते, झोपलेलं नाही."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"पहिल्या हंगामात आम्हालाच माहीत नव्हतं."

"आणि दुसऱ्या?"

मॅडम चाचणीच्या अहवालाचं काहीतरी सांगू लागल्या. वैजयंताला भांडायचं होतं, पण तेवढं बळही अंगात उरलं नव्हतं.

"आता करायचं काय?"

"पीक उपटा, अर्क बंद करा, रान मोकळं ठेवा. तणसुद्धा नको. अंडी फुटतील आणि अळ्या उपाशी मरतील. पण दोन्ही रानं एकदमच करा. वरच्या पाण्याबरोबर अंडी खालच्या रानात जातात."

फोन ठेवला. मंदाकिनीने सगळं ऐकलं होतं.

"माझं तर गेलंच," ती म्हणाली. "आज उपटायला घेते. तुझं?"

वैजयंताने वर बघितलं. तारेवर बांधलेली झाडं फळांनी वाकलेली, खालचे घड लाल व्हायला लागलेले. एवढे दिवस कंबर मोडून वाढवलेलं पीक.

"एवढा तोडा होऊ दे, अक्का. मग उपटते."

मंदाकिनी हसली, पण त्या हसण्यात दमच नव्हता.

"तुझ्या मॅडमपण असंच म्हणाल्या असतील ना गं? एवढा हंगाम होऊ दे, मग सांगते?"